दाण्यातील प्रथिने आणि बियाण्यावरील मालकी

(रिछाई, जबलपूर येथे मराठी भाषक पक्षसभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

रिछाईच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांपैकी अनेकांची नाळ आजही शेतीशी जोडलेली आहे. याच शहरात मुख्यालय असलेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने ‘जेएस ३३५’ हे सोयाबीनचे वाण दिले. १९९४ साली अधिसूचित झालेले हे वाण विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे पेरले. म्हणून जनुकीय बदल केलेले पीक व पारंपरिक पीक यांच्या पोषणमूल्यांची तुलना सोयाबीनच्याच आधारे करणे उचित ठरेल.

सोयाबीनच्या दाण्यात साधारणतः ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे सोयाबीन अमेरिकेत १९९६ साली शेतात आले. त्याच वर्षी मोन्सॅन्टो कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दोन्ही दाण्यांची तुलना प्रसिद्ध केली : प्रथिने, तेल, तंतू, अमिनो आम्ले, सारे काही जवळजवळ सारखे. पुढील बहुतेक अभ्यासांतही या घटकांत मोठी तफावत आढळली नाही. जमीन आणि पाऊस बदलला, तर एकाच वाणाच्या दाण्यातही याहून अधिक फरक पडतो. तेव्हा असे धान्य निःसत्त्व असते, असा प्रचार आपण करता कामा नये. तो शास्त्राला धरून नाही आणि प्रतिपक्षाच्या हाती आयते शस्त्र देतो.

परंतु तक्ता जे मोजले तेवढेच सांगतो. १९९६ च्या अभ्यासातील रोपांवर ग्लायफोसेट फवारलेलेच नव्हते. फवारलेल्या पिकाच्या घटकांची तुलना १९९९ साली प्रसिद्ध झाली. २०१४ साली आयोवा राज्यातील सोयाबीनचे ३१ नमुने तपासले गेले, तेव्हा तणनाशकाचे अवशेष केवळ जनुकीय बदल केलेल्या दाण्यांत सापडले. नमुने थोडे होते हे खरे. तरीही, शेतकऱ्याच्या शेतातून प्रत्यक्ष बाजारात जाणारा दाणा तपासला पाहिजे, हा धडा त्यातून मिळतो.

आता या प्रश्नाची आर्थिक बाजू पाहू. अन्नसुरक्षेच्या दरबारात कंपनी म्हणते, आमचा दाणा इतर दाण्यांसारखाच आहे. पेटंटच्या दरबारात तीच कंपनी म्हणते, हा दाणा अपूर्व आहे, आमची मालमत्ता आहे. इंडियाना राज्यातील बोमन नावाच्या शेतकऱ्याने धान्यकोठारातून विकत घेतलेले सोयाबीन पेरले व त्या पिकाचे बी पुन्हा पेरले. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. आपल्या देशात मात्र २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा व अदलाबदलीचा हक्क दिलेला आहे. ‘जेएस ३३५’ चे बी घरी राखता येते, ते याच परंपरेतले.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस मुभा दिली. पेंडीत सजीव घटक नाही, हा आधार त्यासाठी पुढे करण्यात आला. खरिपाचे पीक शेतात उभे असताना हा निर्णय झाला. शेतकऱ्याच्या भावाचे काय होणार, हा रकाना प्रयोगशाळेच्या कोणत्याही तक्त्यात नसतो.

कॉम्रेड्स, आपली मागणी स्पष्ट असावी. चाचण्या सार्वजनिक कृषी विद्यापीठांनी सरकारी खर्चाने कराव्यात. पोषणद्रव्यांबरोबर अवशेषही मोजावेत. सर्व आकडे जनतेच्या भाषेत खुले करावेत. आणि बियाण्यावरील शेतकऱ्याचा हक्क अबाधित राहावा. विज्ञान श्रमिकांचे आहे. त्यावरील मक्तेदारीला आपला विरोध आहे.