दमदमची गोळी आणि सुसंस्कृतांचा कायदा

कलकत्त्याजवळच्या दमदमचे नाव साम्राज्याच्या इतिहासात दोनदा गाजले. दोन्ही वेळा निमित्त बंदुकीच्या गोळीचे होते.

१८५७ च्या जानेवारीत एन्फील्डच्या काडतुसांना गाय-डुकराची चरबी लावल्याची वार्ता तेथील शिपायांत पसरली. त्या काडतुसातील शिशाच्या गोळीचे बूड पोकळ असे. दारूच्या दाबाने ते फुगून नळीच्या पेचदार खाचांत घट्ट बसे आणि मारा दूरवर अचूक होई.

पुढे १८९५ च्या चित्रळ मोहिमेत, नवी गोळी आरपार जाते पण माणूस कोसळत नाही, अशी तक्रार झाली. तेव्हा दमदमच्या कारखान्याने टोकाचे आवरण उघडे ठेवलेली, शरीरात शिरताच फुलणारी गोळी काढली. तिराहच्या मोहिमेत ती आफ्रिदींवर चालली. विलायतेत याच हेतूने पोकळ टोकाच्या गोळ्या निघाल्या.

१८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा प्रस्ताव आला. ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध केला. त्यांचा युक्तिवाद असा, की सुसंस्कृत सैनिक जखमी होताच थांबतो, रानटी माणूस थांबत नाही! बंदी झाली, पण ती करार करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतील युद्धापुरतीच. वसाहतींतील माणूस तिच्या बाहेर राहिला. ब्रिटनने ती १९०७ मध्ये स्वीकारली.

ती मर्यादा आजही बोलकी आहे. शत्रुराष्ट्राच्या सैनिकावर वर्ज्य असलेली गोळी अनेक देशांचे पोलीस स्वतःच्या नागरिकांवर झाडू शकतात. शस्त्रबंदीच्या प्रत्येक करारात म्हणूनच प्रथम हे पाहावे, की त्याने कोणाला माणूस मानले आहे आणि कोणाला वगळले आहे.