फुटलेला नट फेकू नका

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचे शब्दांकन)



काल या जागी कीर्तन झालं, उद्या मुलांची वेशभूषा आहे, आणि मधल्या दिवशी आम्हाला उभं केलंय. विषय काय, तर नळ. चिटणीसांनी फळ्यावर लिहून टाकलं की घरातले तुटके नळ आणि फुटके पाइप घेऊन यावे. पुढच्या रांगेत दोन-तीन पिशव्या दिसतायत, त्या शेवटी उघडू.

आधी आमची पायरी सांगतो. आम्ही सिव्हिलचा डिप्लोमा झालेले, राज्य सरकारच्या नोकरीतले. वीसेक वर्षं पाइप, झडपा आणि टाक्या यांच्या मागं गेली. विम्याचे सर्व्हेअर आम्ही नाही, आणि सरकारी नोकराला तो धंदा करताही येत नाही. पण डिप्लोमाच्या वर्गातला आमचा एक मित्र हुबळीत परवानाधारक सर्व्हेअर आहे. आज जे सांगणार त्यातलं निम्मं त्याचं आहे. उरलेलं निम्मं आमच्या हातून झालेल्या एका चुकीचं.

चार वर्षांपूर्वीचे गणपती. आमच्या गल्लीत एक काकू राहतात. त्या शिवणकाम करतात, मुलगा पुण्याला नोकरीला. भावकीचा गणपती खानापूरकडं असतो, म्हणून चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी टाकी भरून, घराला कुलूप लावून त्या गेल्या. पाच दिवसांचं विसर्जन करून परत आल्या, दार उघडलं, तर पाय पाण्यात. माडीवरच्या बेसिनखालचा कनेक्शन पाइप नटापाशी तुटला होता. टाकीतलं सगळं पाणी जिन्यावरून आणि स्लॅबमधून खाली उतरलं होतं. प्लायवूडचं कपाट फुगलेलं, शिलाई यंत्राची मोटर पाण्यात, आणि गौरी-गणपती, दसऱ्यासाठी गिऱ्हाइकांनी दिलेल्या साड्या, ब्लाउजपीस यांचा गठ्ठा ओला होऊन रंग एकमेकांत उतरलेला. त्या मोटरीकडं काकू बघत होत्या ते आम्हाला आजही आठवतं. कपाटाचं दुःख त्यांना नव्हतं.

शेजाऱ्यांनी मिळून पाणी उपसलं. प्लंबर आला, अर्ध्या तासात नवा पाइप बसवून गेला. फरशी पुसून लख्ख झाली. मग मुलाचा पुण्याहून फोन: घराच्या कर्जाबरोबर बँकेनं विमा दिलेला आहे, कागद देवघराच्या खणात असेल. कागद निघाला. काकू म्हणाल्या, "तुम्ही सरकारी माणूस, तेवढं पत्र लिहून द्या की."

आम्ही लिहून दिलं. आपलं घरात मराठी, कचेरीत कानडी. पत्र कानडीत लिहिलं आणि त्यात शब्द घातला 'सोरिके', म्हणजे गळती. बोलताना आपण काय म्हणतो? नळ गळतोय, टाकी गळतेय, छप्पर गळतंय. सगळ्याला एकच शब्द. त्याच सवयीनं लिहिलं आणि खाली काकूंची सही घेतली.

चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्याला दिसलं काय? नवा पाइप, कोरडी फरशी, आणि तळाशी लोणा लागलेली, पोपडे धरलेली भिंत. आता अळणावरात आषाढ-श्रावणात भिंतीला लोणा लागला नाही असं एक घर दाखवा! त्यानं फोटो काढले, पत्र घेतलं, गेला. पाच आठवड्यांनी उत्तर आलं की पाण्याची गळती ही हळूहळू होणारी बाब असून पॉलिसीत बसत नाही. दावा नामंजूर.

इथं कायद्याची थोडी गोष्ट सांगावी लागेल. घराच्या विम्यात एक ओळ असते: पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाइप फुटणं किंवा ओसंडून वाहणं. आगीच्या जुन्या पॉलिसीत ती होती. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना द्यावी लागते, तिच्यातही आहे. फुटणं आणि ओसंडणं या घटना आहेत, त्यांना दिवस असतो, वेळ असते. पाझरणं ही घटना नव्हे. वर्षभर भिंतीत पाणी मुरत राहिलं तर ते घर न सांभाळणं झालं, असं विमेवाले म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं आम्हाला वाटत नाही. इंग्लंडात या सगळ्या दाव्यांना 'एस्केप ऑफ वॉटर' म्हणतात, म्हणजे पाण्याचं पलायन. पळून गेलं की झिरपलं, एवढाच काय तो वाद. काकूंचं पाणी पळालं होतं आणि आम्ही ते झिरपवलं.

आम्ही हुबळीच्या मित्राला फोन केला. तो रविवारी आला. त्या कंपनीचं काम त्याच्याकडं नव्हतं, मैत्रीखातर आला. चहा घ्यायच्या आधी त्यानं विचारलं, "तुटलेला तुकडा कुठाय?" आम्ही प्लंबरकडं बघितलं. पितळ असतं तर त्याच दिवशी भंगारात गेलं असतं, पण नट प्लास्टिकचा. गाडीच्या डिकीत, टेफ्लॉन टेपच्या रिकाम्या रिळांखाली तो पाइप नटासकट सापडला. ते नशीब.

मित्रानं भिंग काढून तो नट खिडकीपाशी नेला. आट्यांच्या पहिल्या वळशाशी तो गोल तुटला होता. तुटलेल्या कडेचा साधारण निम्मा भाग पिवळट, क्षार बसलेला. उरलेला निम्मा स्वच्छ पांढरा. म्हणजे चीर जुनी होती. बसवताना कुणीतरी पान्यानं नको तेवढा आवळला, तेव्हा बारीक चीर पडली आणि ती महिनोन्महिने वाढत राहिली. मग एका क्षणी उरलेल्या निम्म्याला दाब झेपला नाही. प्लास्टिकचा नट हातानं आवळून वर पाव वळसा द्यायचा असतो, पण आपल्याकडं पाना हातात आला की जोर लावायचा असतोच.

आता आमच्या मनात काय आलं ते सांगतो. तो पिवळा भाग बघून आमचा जीव दचकला. जुनी चीर म्हणजे जुनी गळती, कंपनी हेच म्हणणार. आम्ही बोलून गेलो, "थोडं ॲसिड लावून पुसून घेऊ या का?" मित्रानं नट टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मग मी आज आलोच नव्हतो असं समजा." काकू स्वयंपाकघरात होत्या, त्यांना ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. आम्ही गप्प बसलो.

मग त्यानं ज्या गोष्टी तपासल्या, त्या तपासायची बुद्धी डिप्लोमा असून आम्हाला झाली नव्हती. बेसिनखालच्या लाकडी फळीवर जुना डाग नाही, बुरशी नाही, खिळ्यांना जुना गंज नाही. नट आधीपासून ठिबकत असता तर यातलं काहीतरी असतंच. चीर वाढत होती, पाणी बाहेर येत नव्हतं. खाली कपाटाच्या चारी पायांवर पाण्याची रेघ होती, फरशीपासून पाऊण इंच, आणि रेघ एकच. पुन्हापुन्हा भिजलेल्या लाकडावर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या एकाखाली एक रेघा असतात. भिंतीचा लोणा या रेघेच्या वर हातभर गेलेला आणि सुकून पांढरा पडलेला, म्हणजे तो पावसाळ्याचा, या पाण्याचा नव्हे.

शेवटी टाकी. हजार लिटरची. म्हणजे एक घनमीटर पाणी. खालची जागा, हॉल आणि स्वयंपाकघर मिळून, चारशे चौरस फूट, म्हणजे सदतीस चौरस मीटर. हजार लिटर तेवढ्यावर पसरलं तर सत्तावीस मिलिमीटर, एक इंचाला थोडं जास्त. त्यातलं काही माडीवर राहिलं, काही स्लॅबनं प्यायलं, उरलेलं उंबऱ्यांनी अडवलं. पाऊण इंच. अर्धा इंचाचा पाइप मिनिटाला दहा लिटर देतो असं धरलं, तरी पावणेदोन तासात टाकी रिकामी. पाचवीतल्या पोराला येणारं गणित आहे हे. पण ते मांडल्यावर कपाटाची रेघ आणि टाकी एकमेकांची साक्ष द्यायला लागली.

दुसरं पत्र मित्रानं सांगितलं तसं आम्ही लिहिलं. या वेळी 'ओडेदिदे', फुटला, हा शब्द. बरोबर प्लंबरचा सही केलेला जबाब, फोटो, टाकीचं गणित आणि पिशवीत नट, पिवळ्या भागासकट. पहिल्या पत्रातला शब्द लिहिणाऱ्याच्या चुकीनं आला, तपासाअंती नव्हे, असं आम्ही आमच्या नावानिशी लिहून दिलं. तक्रार अधिकाऱ्याकडं अर्ज गेला, कंपनीनं पुन्हा माणूस पाठवला. इथं दाद लागली नसती तर बंगळुरूला विमा लोकपाल आहेत. त्यांच्याकडं फी लागत नाही, वकील लागत नाही, पण नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. तिथवर वेळ आली नाही. सात महिन्यांनी एक लाख दहा हजारांपैकी चौसष्ट हजार मिळाले. कपाट जुनं म्हणून घसारा कापला. मोटर मिळाली.

साड्यांचे पैसे मिळाले नाहीत. गिऱ्हाइकांचं कापड काकूंच्या मालकीचं नव्हतं, त्या पॉलिसीत परक्याचा माल धरलेला नव्हता. काकूंनी ते एकेक करून स्वतः भरले, दोन दिवाळ्या लागल्या. जिच्या घरी शिवणकाम, पापड, मसाले असा उद्योग आहे, तिनं आपल्या कागदात हे आधी विचारून घ्यावं. 'भारत गृह रक्षा'त इमारतीच्या विमारकमेच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, घरसामान आपोआप धरतात, पण ते तुमचं सामान.

आता थोडं आपल्या घरांबद्दल. ज्या गावात पाणी चार-आठ दिवसांनी येतं, तिथं नळ उघडा ठेवून खाली बादली ठेवायची सवय असते. पाणी आलं की आवाजानं जाग येईल म्हणून. घर बंद असेल तर कुणाला जाग येणार? हुबळी-धारवाडच्या काही वॉर्डांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. सोय मोठीच, पण तेव्हा एक नवीन गोष्ट शिकावी लागते: पाइपवर रात्रंदिवस दाब असतो. टाकी दहा मीटर उंच असेल तर नळाशी दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब. प्रेशर पंप बसवला की तो त्याहून कितीतरी वाढतो, आणि तीस वर्षांच्या जी.आय. पाइपाचे गंजलेले आटे पहिल्यांदा जातात. आटे पाडताना तिथंच पाइप पातळ झालेला असतो.

गिझरबद्दल मात्र हात जोडून सांगतो. त्याच्या सुरक्षा झडपेतून पाणी तापताना थेंब पडतात, ते पडू द्या. पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून सत्तरपर्यंत तापलं की अर्धा लिटर फुगतं, त्याला जागा हवी. बोअरच्या जड पाण्यानं ती झडप क्षारानं बुजते. त्याहून वाईट म्हणजे थेंब पडतात म्हणून लाकडाची खुंटी ठोकून ती बंद करणारे महाभाग आम्ही या डोळ्यांनी पाहिलेत. नावं घेत नाही, समोर बसलेत.

वॉशिंग मशीनचा नळ कपडे झाले की बंद करा. बेसिनखाली बाथरूम धुवायच्या ॲसिडची बाटली ठेवू नका. वरून स्टीलची जाळी दिसणारा पाइप आतून रबरी असतो, ॲसिडच्या वाफेनं जाळीच्या तारा तुटायला लागल्या की आतलं रबर उघडं पडतं. जाळीवरून कापूस फिरवा, धागे अडकले तर पाइप बदला, दोनशे-अडीचशेचा आहे.

आणि पाणी शिरलंच तर? आधी मुख्य कॉक बंद आणि विजेचं मेन स्विच बंद. सामान उचला, वाचवा, ते तुमचं कर्तव्यच आहे, विम्याच्या दृष्टीनंही. पण उपसायच्या आधी फोटो काढा, पाण्याच्या रेघेशी पट्टी धरून. तुकडा प्लंबरकडून मागून घ्या, पुसू नका, पिशवीवर तारीख घाला. कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि कारण माहीत नसेल तर पत्रात फक्त 'पाणी आलं' एवढंच लिहा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये डौगी नाल्याचं पाणी चढलं तेव्हा पाणी बाहेरून आलं होतं. पूर हे कागदात वेगळं कलम आहे. आतलं पाणी का बाहेरचं, हे ठरवायच्या आधी आपण लिहून मोकळं व्हायचं नाही.

कंपनीनं तो नट फाइलला ठेवून घेतला. काकूंनी परत मागितला होता, का ते आम्ही विचारलं नाही.

आरती आठला आहे, वीस मिनिटं आहेत. पिशव्या घेऊन आलेल्यांनी पुढं यावं. पाटील मामा, तुमचा गिझरचा तुकडा आधी घेऊ. पिशवी हलवू नका, क्षार गळून पडतोय.