फाईल कोणाची?

पुण्यातल्या एका सीएंच्या ऑफिसातली कॉम्प्युटरची कामं मी बघतो. तिथे कोपऱ्यात, गणपतीच्या तसबिरीखाली, जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी आहे. आत दोन हार्डडिस्क. अख्ख्या ऑफिसच्या फायली तिच्यात राहतात आणि ज्याला त्याला आपल्या टेबलावरून दिसतात. तिला नॅस म्हणतात.

एका शनिवारी ती पेटी बंद पडली. मी घाबरलो नाही, कारण रोज रात्री पोर्टेबल डिस्कवर बॅकअप होत होता. नवी पेटी आणली, सगळं परत भरलं, एकही फाईल कमी नाही. सोमवारी साडेदहाला बघतो तर सीए होण्यासाठी आर्टिकलशिप करणारी दोन पोरं एका स्क्रीनवर वाकून ऑफिसचं पगारपत्रक वाचतायत.

फाईल कोणी उघडायची, हे फाईलच्या आत लिहिलेलं नसतं. ते डिस्कच्या खतावणीत, बाहेर लिहिलेलं असतं. या पेट्यांमध्ये बहुतेक लिनक्स असतं आणि तिथला हिशेब तोंडी करता येतो. वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक. पगारपत्रकावर 640 होतं. मालकाला सहा, म्हणजे वाचा आणि लिहा, गटाला चार, म्हणजे नुसतं वाचा, बाकीच्यांना शून्य. आता आमची पोर्टेबल डिस्क होती एक्सफॅट पद्धतीची. मायक्रोसॉफ्टने 2006 मध्ये आणलेली ही पद्धत पेनड्राइव्हला, कॅमेऱ्याच्या कार्डाला उत्तम. पण तिच्या खतावणीत मालक आणि गट हे रकानेच नाहीत. फाईल उतरली, 640 उतरायला जागा नव्हती. परत येताना प्रत्येक फाईल 777 होऊन आली, म्हणजे आओ जाओ घर तुम्हारा.

मग डिस्क लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केली आणि कॉपीसाठी आरसिंक लावलं. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 मध्ये केलेला हा प्रोग्राम. ट्रिजेलांनीच त्याआधी सांबा सुरू केलं, ज्याच्यामुळे अशा पेटीतले फोल्डर विंडोजवर दिसतात. आरसिंकला छोटा ‘ए’ दिला की मालक, गट, आकडे, तारखा सगळं येतं. मात्र एखाद्या फोल्डरवर माणसागणिक वेगळी परवानगी लावली असेल, तर ती यादी छोट्या ‘ए’त येत नाही. तिला मोठा ‘ए’ वेगळा द्यावा लागतो. देवनागरीत दोन्ही ‘ए’ सारखेच दिसतात, त्यामुळे माझ्या वहीत ‘छोटा’, ‘मोठा’ असं शब्दांत लिहिलंय. आणि हे सगळं रूटच्या, म्हणजे पेटीतल्या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने चालवायचं. नाहीतर फायली ज्याने कॉपी केल्या त्याच्याच नावावर लागतात.

एवढं केल्यावर वाटलं, सुटलो. वर्षभराने मोठी पेटी घेतली. तीत सगळ्यांची नावं मी हजेरीपटाच्या क्रमाने भरली, मग बॅकअपच्या डिस्कवरून फायली आणल्या. 640 जागच्या जागी. पण मालक? खतावणीत मालकाचं नाव नसतं हो, नंबर असतो! जुन्या पेटीत अकाउंट्सच्या मॅडम 1028 होत्या. नव्या पेटीत 1028 वर एक आर्टिकलचा मुलगा आला होता. म्हणजे आता तो पगारपत्रक वाचूही शकत होता आणि बदलूही. आणि मॅडम, ज्यांनी ते पत्रक बनवलं, त्यांना ते उघडेना! त्या दिवशी मॅडम मला जे बोलल्या ते इथे सांगण्यासारखं नाही.

तेव्हापासून ऑफिसातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. कोणाचा नंबर कोणता, कोण कोणत्या गटात. नवी पेटी आली की आधी हा कागद बघून माणसं भरायची, फायली नंतर. एका पेटीतून दुसऱ्या पेटीत थेट कॉपी करताना आरसिंक शक्यतो नावावरून माणूस जुळवतो. दोन्हीकडे नंबर एकच ठेवलेत, म्हणून त्याला मी ‘नंबरच धर’ असं सांगून ठेवतो.

आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधून एकच फोल्डर वेगळ्या जागी परत काढतो. फाईल उघडते का, हे मॅडमना विचारतो. मग आर्टिकलच्या पोराला हाक मारतो, “ये रे, हे पगारपत्रक उघडून दाखव.” तो क्लिक करतो, परवानगी नाही अशी पाटी येते. मग मी चहा सांगतो, त्यालाही.