एकच गणित, एकवीस प्रती

मंडळी, मृग लागला की नांदूरघाटच्या शिवारात एकच प्रश्न कानी पडतो : पेरावे की थांबावे? बालाघाटच्या डोंगररांगांतला हा केज तालुक्याचा मुलूख बराचसा कोरडवाहू. पहिल्या सरीवर भुलून सोयाबीन टाकले आणि पुढे पंधरा दिवस आभाळ फिरकलेच नाही, तर बी गेले, खत गेले, मजुरी गेली. वर दुबार पेरणीसाठी सावकाराची पायरी चढणे आले. म्हणून वेधशाळेचा अंदाज कसा तयार होतो आणि तो कसा वाचावा, हे आज थोडक्यात सांगतो.

हा अंदाज संगणकावर काढतात, हे तुम्ही ऐकलेच असेल. संगणकात प्रोग्राम असतो. म्हणजे कोणता हिशेब कोणत्या क्रमाने करायचा याची लिहून दिलेली कृती. आजचे तापमान, हवेचा दाब, वारा, बाष्प हे आकडे त्यात घालायचे. त्यावरून तो पुढच्या काही मिनिटांची हवा काढतो, तिच्यावरून त्यापुढची, आणि असे करीत करीत दहा दिवस पुढे जातो.

पण इथेच मेख आहे. आजची हवा तरी आपल्याला नेमकी कुठे ठाऊक असते? मोजमापात बारीकसारीक चूक राहतेच. एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाला 1961 साली याचा प्रत्यय आला. त्यांनी हवेचे एक गणित मधूनच पुन्हा सुरू केले. 0.506127 हा आकडा घालायचा तो 0.506 असा घातला. एवढासा फरक! काय झालं? आरंभी दोन्ही उत्तरे हातात हात घालून चालली. पुढे मात्र एकमेकांना ओळखही देईनात.

मग शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. प्रोग्राम एकच ठेवायचा, पण त्याच्या अनेक प्रती एकाच वेळी चालवायच्या, आणि प्रत्येकीला आरंभाचे आकडे किंचित वेगळे द्यायचे. युरोप व अमेरिकेत 1992 च्या डिसेंबरात हे नित्याचे काम झाले. आपल्याकडे पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेत 2018 च्या जानेवारीत 'प्रत्यूष' हा महासंगणक सुरू झाला. त्याच वर्षी जूनपासून 12 किलोमीटरच्या चौकोनांवर एकवीस प्रतींचा अंदाज निघू लागला. 2024 साली तिथे 'अर्का' हा त्याहून मोठा महासंगणक आला.

हे चालते कसे? समजा, एकवीस घरांत एकाच कृतीने आमटी शिजते आहे. चूल वेगळी, पातेले वेगळे, मीठ चिमूटभर कमीजास्त. आणि कोणी कोणाच्या पातेल्यात डोकवायचे नाही. महासंगणकात हिशेब करणारे हजारो प्रोसेसर असतात. त्यांचे गट पाडून एकेक प्रत एकेका गटाला देतात. प्रत्येकीची स्मृती निराळी, म्हणजे एकीचे आकडे दुसरीत मिसळत नाहीत. सगळ्या एकदम चालवायच्या, कारण एकामागून एक चालवल्या तर शेवटची संपेपर्यंत पाऊस पडूनही जायचा!

सगळ्या प्रती संपल्या की उत्तरे मोजायची. एकविसांपैकी सतरा प्रती 'पाऊस' म्हणाल्या, तर शक्यता सुमारे 80 टक्के. दहा म्हणाल्या, अकरा नाही म्हणाल्या, तर समजावे की आभाळाचे मन अजून ठरलेले नाही. 80 टक्के सांगूनही पाऊस हुकला, तर वेधशाळा खोटी ठरत नाही. अशा पाच वेळांतली एक वेळ कोरडी जायचीच.

आता हा आकडा शिवारात कसा वापरायचा? ज्याच्या विहिरीत पाणी आहे, त्याने 50 टक्क्यांवरही धाडस करावे. एक पाणी देऊन तो रोप जगवील. ज्याच्या घरात एकाच पेरणीचे बी आहे, त्याने आधी जमिनीत 75 ते 100 मिलिमीटर पाऊस मुरू द्यावा, पुढच्या आठवड्याची शक्यता चांगली आहे का ते पाहावे, आणि मगच तिफण बाहेर काढावी. आकडा एकच, पण दोघांचा निर्णय निराळा. आणि दोघांचाही बरोबर.

मात्र दोन गोष्टी विसरू नका. मूळ कृतीतच खोट असेल, तर ती एकवीसही प्रतींत उतरते. सगळ्यांचे एकमत झाले म्हणून चूक बरोबर होत नाही. दुसरे असे की, 12 किलोमीटरच्या चौकोनात नांदूरघाटबरोबर शेजारची गावेही येतात. तुमच्या बांधाच्या अलीकडे पडेल की पलीकडे, हे तो सांगणार नाही. तेव्हा पडलेला पाऊस गावात मोजत जा, आणि अंदाज ऐकताना 'पडेल का?' एवढेच न विचारता 'शक्यता किती?' असेही विचारा. नमस्कार.