आलेले दान जागेवर लावणे

(सहाय्यक मंडळ्यांच्या मेळाव्यात भांडार सेवेविषयी केलेले भाषण)



भांडाराची सेवा म्हणजे किल्ली सांभाळणे, असे पुष्कळांना वाटते. पण प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ आठवा. यरुशलेमेतील मंडळीत रोजच्या वाटपात काही विधवा वगळल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडले गेले. त्यांत स्तेफनासारखा माणूस होता. देणारे पुष्कळ असूनही व्यवस्था नसेल तर गरजवंत उपाशीच राहतो.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांत हे पावसाळ्यात फार जाणवते. नाल्याला पूर आला की फरशी पूल पाण्याखाली जातो आणि गाडी मागे फिरते. मग भांडारात जे चटकन हाताला लागेल तेवढेच आपले. रात्री जुलाब-उलट्यांनी सुकलेले लेकरू आणले आणि सिस्टरला ओआरएसची पाकिटे सापडली नाहीत, तर ती खोक्याच्या तळाशी असून नसल्यासारखीच.

म्हणून ट्रक रिकामा झाला की काम संपले, असे आम्ही मानत नाही. माल त्याच दिवशी जागेवर लागला पाहिजे. गाडी येण्याआधीच आम्ही जागा मोकळी करून ठेवतो. माल चलनाशी ताडून मोजतो. ओले वा फाटलेले पोते बाजूला काढतो, कारण कीड लागलेले एक पोते थप्पीत गेले तर सगळ्या थप्पीत सोंडे होतात. मग धान्य, औषधे, ब्लँकेट, शाळेचे साहित्य असे गट दाराशीच पाडतो आणि एका मांडणीचा माल एकत्रच आत नेतो. नाहीतर एकेक खोके घेऊन फेऱ्या घालताना पाय दमतात, आणि शेवटी “ठेवा कुठेही” अशी पाळी येते.

प्रत्येक कप्प्याला अ १, अ २ असा क्रमांक आहे. वस्तू ठेवली की तिथेच उभे राहून वहीत कप्पा लिहायचा, संध्याकाळी आठवून नव्हे. रोज लागणारे दाराजवळ, हाताच्या उंचीवर; जड ते खाली; वर्षातून एकदा लागणारे वर. धान्य लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून; म्हणजे ओल चढत नाही आणि उंदराचे बीळ दिसते. फिनेल व कीटकनाशके वेगळ्या खोलीत. जुने धान्य पुढे ओढून नवे मागे लावायचे. औषधे मात्र कधी आली ते न बघता मुदत बघायची. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे.

योसेफाने मिसर देशात प्रत्येक नगराभोवतीच्या शेतांचे धान्य त्याच नगरात साठवले, असे उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायात वाचतो. जिथे भूक लागणार तिथेच कोठार! आम्हीही दुर्गम पाड्यांचा वाटा मे महिन्यातच वर पोहोचवून ठेवतो.

आपणाकडून एवढीच विनंती. खोक्यात काय आहे ते बाहेर मोठ्या अक्षरांत लिहा. एका बहिणीला उचलता येईल एवढेच खोके भरा. कपडे धुऊन, लहानांचे व मोठ्यांचे वेगळे बांधा. मुदत संपत आलेली औषधे पाठवू नका. पावसाळ्याचे सामान मेच्या मध्यापर्यंत आणि ब्लँकेट नोव्हेंबरच्या आत पाठवा. नाताळच्या भेटीबरोबर आलेले ब्लँकेट पाड्यावर पोहोचेपर्यंत सातपुड्यातली अर्धी थंडी सरलेली असते.

आपण प्रार्थनापूर्वक दिलेली प्रत्येक वस्तू ही प्रभूची ठेव आहे, आणि आम्ही तिचे कारभारी. ती योग्य वेळी योग्य हाती पडावी म्हणून भांडारात राबणाऱ्या भावाबहिणींसाठी प्रार्थना करा. प्रभू आपणास आशीर्वाद देवो.