सहल आणि सवड

(वेळापूर, जि. सोलापूर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मुख्य भाग)



लहान मुलांना घेऊन एक दिवस कोठे जावे, हा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत घेण्याजोगा आहे काय, अशी शंका काहींच्या मनात असेल. ऊसदर, पाणीवाटप, थकलेली मजुरी हे प्रश्न समोर असताना सहलीचे काय घेऊन बसायचे? परंतु आपल्याकडील कामगार चळवळीच्या पहिल्या मागण्यांपैकी एक मागणी सुट्टीचीच होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १८९० च्या जूनमध्ये रविवार पदरात पडला. आज मध्यमवर्गीय कुटुंब रविवारी मुलांना बागेत नेते. तो रविवार कोणी मिळवला, याची आठवण त्याला क्वचितच असते.

फ्रान्समध्ये १९३६ साली लिआँ ब्लूम यांच्या आघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. पण नुसती रजा देऊन भागत नाही, जायला भाडेही लागते, हे त्या सरकारातील लिओ लाग्रांज यांनी ओळखले आणि रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सवलत मिळवली. लाखो कामगारांनी बायकामुलांसह प्रथमच समुद्र पाहिला. उजव्या वृत्तपत्रांनी लाग्रांज यांना ‘आळसमंत्री’ म्हणून हिणवले. श्रीमंताच्या विश्रांतीला कोणी आळस म्हणत नाही, हा तेथला न्याय आपल्याकडेही चालू आहे.

आता वेळापूरकडे वळू. मुलांना रमवील असे या परिसरात काय कमी आहे? अर्धनारी नटेश्वराचे यादवकालीन मंदिर गावातच आहे. तेथील मराठी शिलालेख विद्वानांच्या कामाचे, असे समजून आपण पुढे जातो. पण नुकतीच बाराखडी गिरवू लागलेल्या मुलाला त्या दगडापुढे उभे करावे. सातशे वर्षांपूर्वीच्या ओळीतले एखादे अक्षर त्याला ओळखू येते आणि मग ते मूल तेथून हलत नाही. दुसरे अक्षर शोधू लागते. यात खर्च शून्य आहे. आषाढात माळशिरसहून माउलींची पालखी येते, खुडूसला गोल रिंगणात अश्व धावतो, वेळापूरच्या टेकडीवरून वारकरी धावा करीत उतरतात. श्रद्धा असो वा नसो, बापाच्या खांद्यावर बसून रिंगण पाहिलेले मूल ते विसरत नाही. (रस्त्याच्या चौपदरीकरणात जुनी झाडे गेली; सावलीत बसून भाकरी सोडण्याची सोय त्यांच्याबरोबर गेली. या नुकसानीचा हिशेब कोणत्या अंदाजपत्रकात मांडला गेला?) हिवाळ्यात ज्वारी हुरड्यावर आली की आगटी पेटवावी, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी घ्यावी, मुलांना कणसे चोळू द्यावीत, हात काळे होऊ द्यावेत. तालुक्याच्या कडेला संगम येथे नीरा भीमेला मिळते. आणि जरा लांबचा पल्ला गाठता आला, तर उजनीच्या फुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी उतरतात.

शेजारच्या लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला सारे घर शेतात जाते. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा बेत असतो आणि वाटसरूलाही हाक मारून जेवायला बसवतात. ज्याला शेत नाही त्याच्या मुलांनाही त्या दिवशी शेत मिळते. हुरडा मात्र आता तिकीट लावून विकला जाऊ लागला आहे. जलक्रीडेची आणि झोपाळ्यांची उद्यानेही निघाली. मुलांना ती आवडतात, यात मुलांचा दोष नाही. पण मुलांचा आनंद फाटकावर पैसे मोजल्यावरच सुरू होतो, ही समजूत चंगळवादाने पेरली आहे आणि ती गरीब आईबापांच्या मनाला उगाच टोचत राहते.

प्रवासाचा हिशेब करून पाहू. एस.टी.त पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, बारा वर्षांपर्यंत अर्धे. मार्च २०२३ पासून स्त्रियांनाही अर्धे. बाप, आई, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा असे चौघे पंढरपूरला निघाले, तर पूर्ण तिकिटे दोनच होतात. म्हणजे सार्वजनिक वाहतूक जिवंत राहिली, तर भाडे ही मोठी अडचण उरत नाही. अडचण सवडीची आहे.

हा तालुका उसाचा. गाळपाच्या हंगामात बीडकडून तोडकऱ्यांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’; उचल आधीच घेतलेली, मजुरी टनावर. उक्त्या मजुरीत माणूस आपणच आपल्याला पळवतो, हे मार्क्सने सांगून ठेवले आहे. येथे वर खाड्याचा दंड आहे: एक दिवस कामावर गेले नाही, तर मजुरी बुडते आणि मुकादम पैसेही कापतो. काट्याच्या आत जो कामगार आहे, त्याला १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि भरपगारी रजा मिळवून दिली. काट्याच्या बाहेर, त्याच साखरेसाठी राबणाऱ्या जोडप्याला यांपैकी काहीच नाही. कोपीतली मुले दरवर्षी शेकडो किलोमीटरचा प्रवास करतात, पण सहल म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नसते. मुलाचा खेळण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांनी १९८९ च्या करारात नोंदवला, भारताने तो १९९२ साली स्वीकारला. मुलाबरोबर खेळण्याचा आईबापांचा हक्क कोणत्या करारात शोधायचा?

कार्यकर्त्यांच्या घरीही थोडे डोकावले पाहिजे. सभा, शिबिरे, मोर्चे सारे रविवारी. त्यामुळे जगाच्या रविवारासाठी भांडणाऱ्याच्या मुलांना रविवारी बाप दिसत नाही. निदान एका शिबिराला मुलांनाही न्यावे.

पुढील हंगामात कोपीतल्या मुलांना देवळात, संगमावर नेण्याची कल्पना येथे निघाली, ती चांगली आहे. मात्र फक्त मुलांना नेले, तर ती शाळेची सहल झाली. आई आणि बाप बरोबर यायचे असतील, तर आधी मुकादमाकडे आणि कारखान्याच्या शेतकी खात्याकडे जाऊन त्या दिवसाचा खाडा माफ करून घ्यावा लागेल आणि बुडालेल्या मजुरीचा भार कोणी उचलायचा ते ठरवावे लागेल. गाडीचे आणि शेंगा-गुळाचे त्यानंतर पाहता येईल.