अर्धशिशी : घरच्या डॉक्टरांना काय सांगावे?

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त खोडाळा येथील व्याख्यानाचा मजकूर)



अर्धशिशी हा शब्द प्रत्येक मराठी घराच्या परिचयाचा आहे. आयुर्वेदाने या व्याधीला ‘अर्धावभेदक’ म्हटले. कर्नाटकात झालेल्या व 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 18 ते 65 वयोगटातील सुमारे 25 टक्के व्यक्तींना वर्षभरात या विकाराचा उपद्रव झाल्याचे दिसले. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक असते. असे असूनही डॉक्टरांसमोर “डोकं दुखतंय, गोळी द्या” एवढ्या एका वाक्यात ही व्यथा संपते.

खोडाळ्यासारख्या गावात फॅमिली डॉक्टर हे घरातल्यासारखेच असतात. आजोबांचा रक्तदाब, सुनेचे बाळंतपण, नातवाचा दमा, सारे त्यांना तोंडपाठ असते. मात्र जैन कुटुंबातील रुग्ण दोन गोष्टी त्यांच्यापासूनही झाकून ठेवतो. पहिली, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांची संख्या. आणि दुसरी, चालू असलेली तपश्चर्या. “डॉक्टर उपवास सोडायला सांगतील” ही भीती दुसऱ्या गोष्टीच्या मुळाशी असते.

उपवास आणि डोकेदुखी यांचा संबंध काल्पनिक नव्हे. योम किप्पुर या ज्यू धर्मीयांच्या निर्जळी उपवासाविषयी इस्रायलमधील रुग्णालयीन कर्मचाऱ्यांचा अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. उपवास करणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांचे डोके दुखले, न करणाऱ्यांपैकी केवळ 7 टक्क्यांचे. ज्यांना मुळातच डोकेदुखीची सवय आहे, त्यांना हा त्रास अधिक होतो. चहाची सवय असलेल्यास एका दिवसात चहा तोडल्यानेही डोके दुखते. पर्युषणाच्या आठ-दहा दिवस आधीपासून कप कमी करत आणणे हा साधा उपाय आहे. (हे ऐकून घरोघरी चहाबाज मंडळी नाराज होतील, पण इलाज नाही.)

यासाठी व्रत सोडण्याची गरज बहुधा पडत नाही. व्रताची माहिती देण्याची पडते. चौविहार करणाऱ्याने तिविहार करून सूर्यास्तापर्यंत उकळलेले पाणी पुरेसे घ्यावे का, अठ्ठाईऐवजी या वर्षी एकासणे करावीत का, हे डॉक्टर आणि गुरुमहाराज या दोघांनाही विचारता येते. श्वेतांबर परंपरेतील प्रत्याख्यानाच्या पाठात समाधी टिकावी म्हणून आगार, म्हणजे सवलत, ठेवलेली आहेच. ती कधी लागू होते, याचा निर्णय गुरुमहाराजांकडून घ्यावा.

रात्रीच्या औषधाचा प्रश्न याहून नाजूक आहे. अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून दिली जाणारी अमिट्रिप्टिलिन ही गोळी सहसा झोपण्यापूर्वी घेतात. रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणारी गृहिणी ती गुपचूप टाळते. महिन्याने डॉक्टर विचारतात, “ताई, काही फरक?” ती म्हणते, “नाही हो, डॉक्टरसाहेब.” मग डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा औषध बदलतात. औषध निकामी नव्हते. ते पोटात गेलेच नव्हते! “सूर्यास्तानंतर मी काही घेत नाही,” एवढे सांगितले असते, तर वेळ अलीकडे आणता आली असती किंवा दिवसा घेण्याचे औषध निवडता आले असते. जिलेटिनच्या कॅप्सूलचेही तसेच आहे. ते कवच प्राणिज असते. पुष्कळदा पर्यायी गोळी मिळते. मात्र न विचारता कॅप्सूल फोडून भुकटी घेऊ नये.

औषधांचे दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. पहिला प्रकार ऐन वेदनेचा: पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, त्यांनी न भागल्यास सुमाट्रिप्टानसारखी ट्रिप्टान औषधे. ही वेदनेच्या आरंभीच घेतल्यास अधिक उपयोगी पडतात. हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात वा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना ट्रिप्टान चालत नाहीत. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान वा मिश्र गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असे काही महिने चालले तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. म्हणूनच दुकानातल्या गोळ्यांचा हिशेब लपवू नये.

दुसरा प्रकार प्रतिबंधाचा. महिन्यात चार किंवा अधिक दिवस वाया जात असतील, तर त्याविषयी आवर्जून विचारावे. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यास देत नाहीत. शिवाय दीर्घ उपवासात रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे ते झाकू शकते, म्हणून अठ्ठाईपूर्वी डॉक्टरांना सांगणे अनिवार्य. ते एकाएकी बंदही करू नये. फ्लुनारिझिनने सुस्ती, वजनवाढ व कधी उदासीनता येते. टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट गर्भास अपायकारक असल्याने विवाहित तरुणीने संततीचा विचार मोकळेपणाने बोलावा. सासूबाई सोबत असल्यास डॉक्टरांकडे एकांत मागण्यात संकोच नसावा. डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा येऊन नंतर डोके दुखत असेल, तर गर्भनिरोधक गोळ्या घेण्यापूर्वी तेही सांगावे, कारण काही गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. प्रतिबंधक औषधाचा गुण पाहण्यास दोन-तीन महिने लागतात. हल्लींची सीजीआरपीरोधक इंजेक्शने महाग आहेत. जुन्या औषधांनी न भागल्यास मेंदूविकारतज्ज्ञ त्यांचा विचार करतात.

डॉक्टरांकडे जाताना साधी वही न्यावी. दुकानाच्या खतावणीला सरावलेल्या घराला हे कठीण नाही: तारीख, दुखण्याचे तास, घेतलेली गोळी, उपवास, झोप, मासिक पाळी. तज्ज्ञांकडे नाशिक वा ठाणे गाठण्यापूर्वी खोडाळ्याचे प्राथमिक आरोग्य केंद्र, मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय आणि शासनाची विनामूल्य ‘ई-संजीवनी’ दूरध्वनिचित्र सेवा उपलब्ध आहेत.

मात्र क्षणार्धात उठलेली आयुष्यातील सर्वांत भयंकर डोकेदुखी, तापासह ताठरलेली मान, वाचा अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे, दृष्टी अचानक जाणे किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे, यांना अर्धशिशी समजू नये. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली किंवा गरोदरपणी आलेली नवी डोकेदुखीही लगेच दाखवावी. पहिल्या लक्षणांपैकी काहीही दिसल्यास पारण्याची वा पहाटेची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे रुग्णासोबत द्यावीत.